हाताच्या वळणाचे तिरपे अक्षर: एक पार्श्वभूमी

ठाण्यात नौपाड्यापासून घोडबंदर रस्त्यापर्यंत दुकानांच्या पाट्यांवर आणि लग्नपत्रिकांवर हाताने लिहिल्यासारखे, किंचित तिरपे देवनागरी अक्षर आता सर्रास दिसते. अशा अक्षराचा इतिहास बहुधा इटलीपासून सांगितला जातो आणि रोमन लिपीपुरता तो योग्यच आहे. व्हेनिसचे मुद्रक आल्डस मॅन्युशियस यांच्यासाठी फ्रान्चेस्को ग्रिफो यांनी तत्कालीन विद्वानांच्या जलद लेखनावरून छपाईचे तिरपे खिळे कोरले आणि १५०१ मध्ये रोमन कवी व्हर्जिलचे काव्य त्या खिळ्यांनी, हातात मावेल अशा लहान आकारात छापले गेले. एखाद्या शब्दावर भर देण्यासाठी तिरपे अक्षर वापरण्याची रीत त्यानंतरची आहे. विसाव्या शतकात जाहिरातींना अधिक मोकळे वळण हवे झाले, तेव्हा ‘ब्रश स्क्रिप्ट’ (१९४२) आणि रॉजे एक्सकोफों यांचे ‘मिस्त्राल’ (१९५३) असे फॉन्ट आले.

मराठीचे जलद वळण मात्र मोडी लिपीत आहे. आधी पानभर शिरोरेषा आखून घ्यायची आणि मग बोरू शक्यतो न उचलता अक्षरे तिला लटकवीत जायचे, ही कारकुनी लेखनाची पद्धत शतकानुशतके चालली. बंगालमधील श्रीरामपूरला मिशनरी विल्यम कॅरी यांचा मराठी कोश १८१० मध्ये मोडी खिळ्यांनी छापला गेला होता. परंतु पुढे छपाईत बाळबोध म्हणजे देवनागरी लिपी रूढ झाली, मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याच्या सुबक खिळ्यांनी तिला प्रमाण रूप दिले आणि हाताची ओघवती चाल छापील पानाबाहेरच राहिली. ती टिकवली पाट्या रंगवणाऱ्या पेंटरांनी आणि सुलेखनकारांनी. मोडीचा अभ्यास करून तिचे वळण देवनागरी सुलेखनात आणणारे अच्युत पालव हे त्यांतले ठळक नाव.

संगणकावर इटॅलिकचे, म्हणजे तिरप्या अक्षराचे, बटण दाबले की उभे देवनागरी अक्षर केवळ कलते, त्याचे वळण बदलत नाही आणि काना कोसळल्यासारखा दिसतो. म्हणूनच इंडियन टाइप फाउंड्री या फॉन्ट बनवणाऱ्या कंपनीचा २०१४ मधील ‘कलम’ हा फॉन्ट मला महत्त्वाचा वाटतो. त्याचा तिरपेपणा बॉलपेनने रोज लिहिणाऱ्या हाताचा आहे. त्याच्या अक्षरांतील गाठी हाताने लिहिल्यासारख्या पोकळ आहेत, त्यामुळे ओळीत जिवंतपणा येतो.

अशा अक्षराचा स्वभाव आपुलकीचा आहे, त्यामुळे शीर्षक, बालवाचकांसाठीचा मजकूर, भेटकार्ड किंवा पत्रिकेतील आग्रहाची ओळ त्यात शोभते. सोसायटीच्या कायदेशीर नोटिशीला किंवा पानभर मजकुराला ते वापरू नये, कारण सतत बदलणारे वळण वाचताना डोळा लवकर थकतो. पत्रिकेतही वधूवरांची नावे या अक्षरात घ्यावीत, परंतु मुहूर्त, सभागृहाचा पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक सरळ, सुटसुटीत अक्षरातच छापावेत; ते वयस्कर पाहुण्यांनाही चष्मा न शोधता वाचता आले पाहिजेत.