भिंत पडली तरी उभं राहणारं घर

वऱ्हाडातल्या जुन्या शेतकरी वाड्याची एखादी भिंत झडीत बसते, पण वरचं धाबं, म्हणजे मातीचं सपाट छप्पर, जागचं हलत नाही. कारण त्या घरात ओझं भिंतीवर नसतंच. धाब्याचं वजन कड्यांवरून (आडव्या लाकडी वाशांवरून) तुळईवर, तुळईवरून सागवानी खांबांवर आणि तिथून दगडी उथळ्यांवर, म्हणजे खांबाखालच्या बैठकीच्या दगडांवर, उतरतं. मातीची भिंत आडोसा देते आणि ऊन अडवते. दीड फूट जाडीच्या भिंतीतून दुपारची धग आत पोचायला बारा तासांहून जास्त लागतात, आणि तोवर तिच्यात फारसा दम उरत नाही.

लाकूड आणि माती यांची कामं अशी वेगळी ठेवणं इथल्या जमिनीला फार मानवतं. काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. ते पाणी पिऊन फुगतं, उन्हाळ्यात आक्रसतं. म्हणून शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. त्याच मातीवर उभी असलेली सलग, ताठ भिंत तडकते. सुटे खांब मात्र थोडं खालीवर होणं सोसतात. खांबाच्या डोक्यावरचं कुसू, म्हणजे कोरून काढलेला खुंट, तुळईच्या खाचेत बसवलेलं असतं. तो सांधा किंचित सरकतो, घासतो, पण तुटत नाही. एखादा खांब खचलाच, तर टेकू लावून तुळई उचलता येते.

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात (तीव्रता ६.२) मराठवाड्यात दगडमातीच्या जाड भिंतींखाली हजारो माणसं गेली. तिथेही लाकडी खांब-तुळयांचे सांगाडे अनेक घरांत उभे राहिले होते.

या सगळ्यात मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो तो उथळा. जमिनीतली ओल मातीतून वर चढते, घट्ट दगडातून फारशी नाही. लाकडातलं पाणी वीस टक्क्यांच्या खाली राहिलं की कुजवणारी बुरशी धरत नाही. सागाच्या गाभ्यातलं टेक्टोक्विनोन नावाचं द्रव्य उधईला (वाळवीला) रोखतं. बाहेरच्या फिकट लाकडात ते बळ नसतं, म्हणून जुने वाढई (सुतार) तो भाग तासून टाकत.

धाबं मात्र सगळ्या विदर्भाचं नाही. बुलडाणा-अकोल्याच्या बेताच्या पावसात पांढऱ्या मातीचं सपाट धाबं टिकतं. पूर्वेला गडचिरोलीकडे पाऊस जवळपास दुप्पट, तिथे उतरतं कवेलूचं (कौलांचं) छप्परच हवं.

आता डागडुजीत खांबाचा पाय सिमेंटात पुरतात, भिंतीला सिमेंटचा गिलावा देतात. ओल आत कोंडते आणि शंभर वर्षं टिकलेला साग बुडापासून कुजू लागतो. गिलावा मातीचा किंवा चुन्याचाच करावा आणि उथळा उघडा ठेवावा. धाबं गळतं म्हणून दरसाल वर नवी माती ओतणंही धोक्याचं: फूटभर थराचं वजन चौरस मीटरला सुमारे अर्धा टन भरतं. आधी जुनी माती उतरवावी, कड्या ठोकून पाहाव्यात, मगच नवी चढवावी.