कीटकांच्या ज्ञानेंद्रियांचं इम्युनोस्टेनिंग

कीटकांच्या अँटेना, पाय, पंख यांतल्या संवेदी पेशींना अँटीबॉडी (ठरावीक रेणूलाच चिकटणारं प्रथिन) चिकटवायची, तिच्यावर चमकणारा रंग बसवलेली दुसरी अँटीबॉडी सोडायची आणि मग कन्फोकल मायक्रोस्कोपखाली त्यांची रचना बघायची, अशी ही पद्धत. बहुतेक काम ड्रोसोफिलावर म्हणजे फळमाशीवर झालंय.

सुरुवात कधी धरायची यावर एकमत नाही. काहीजण अँटीबॉडीला चमकणारा रंग जोडणाऱ्या आल्बर्ट कून्सच्या 1941 च्या सुमाराच्या कामापासून मोजतात, पण ते जिवाणूंवरचं होतं, त्यामुळे कीटकांच्या बाबतीत 1982 धरणंच जास्त बरोबर वाटतं. त्या वर्षी लिली जॅन आणि यूह नंग जॅन या दोन शास्त्रज्ञांनी दाखवलं की हॉर्सरॅडिश पेरॉक्सिडेजविरुद्ध बनवलेल्या अँटीबॉडीने फळमाशीच्या आणि नाकतोड्याच्या भ्रूणातल्या मज्जापेशी रंगतात. आता हे ऐकायला विचित्रच आहे, कारण हे एन्झाइम मोहरीच्या कुळातल्या एका झाडाच्या मुळातलं, त्याचा माशीच्या नसेशी काय संबंध? एखादं खास मज्जाप्रथिन सापडलं असं वाटू शकतं, पण खरं कारण साखरेत आहे. झाडांच्या प्रथिनांवरच्या साखरसाखळीत फ्युकोज एका विशिष्ट जोडणीने (अल्फा 1,3) लागलेलं असतं, तसंच ते कीटकांच्या मज्जापेशींवरच्या बऱ्याच प्रथिनांवरही असतं, आणि सस्तन प्राण्यांत ते नसल्यामुळे ससा त्याविरुद्ध जोरात अँटीबॉडी बनवतो. ही साखर नीट जोडू न शकणाऱ्या नॅक नावाच्या म्युटंटमध्ये (जनुक बिघडलेल्या माशीत) प्रौढ माशीच्या मज्जापेशी या अँटीबॉडीने रंगत नाहीत, त्यामुळे साखरेचं स्पष्टीकरणच पटतं.

22सी10 हीसुद्धा 1982 च्याच सुमाराची मोनोक्लोनल अँटीबॉडी, म्हणजे एकाच लक्ष्याला चिकटणारी एकसारखी अँटीबॉडी. लोकांनी ती वर्षानुवर्षं वापरली पण ती नेमकी कशाला चिकटते हे 2000 मध्ये कळलं, ते फुट्श नावाचं सूक्ष्मनलिकांशी जोडलेलं प्रथिन निघालं.

खरी डोकेदुखी म्हणजे क्युटिकल, कीटकाचं बाहेरचं कडक कवच. मेणाचा थर आणि कायटिन यांतून अँटीबॉडी आत शिरतच नाही. म्हणून 4 टक्के पॅराफॉर्मल्डिहाइडमध्ये फिक्स करायच्या (पेशी आहेत तशा टिकवायच्या) आधी अँटेना कापून तोंड उघडं ठेवतात, ट्रायटन हे साबणासारखं द्रव्य घालतात, तरी जमलं नाही तर क्रायोसेक्शन, म्हणजे गोठवून कापलेले पातळ काप. वर क्युटिकल स्वतःच चमकतं, विशेषतः हिरव्या रंगात, आणि नवखा माणूस त्यालाच सिग्नल समजून खूश होतो! त्यासाठी पहिली अँटीबॉडी न घातलेला एक नमुना आणि अजिबात न रंगवलेला एक नमुना, दोन्ही सोबत लागतात.

खूप रंगवलं गेलेलं एक इंद्रिय म्हणजे अँटेनाच्या दुसऱ्या खंडातलं, आवाज आणि हालचाल टिपणारं जॉन्स्टनचं इंद्रिय, डासात ते 1855 मध्ये वर्णन केलं गेलं. फळमाशीत त्यात साधारण 500 न्यूरॉन धरतात, एडिस डासाच्या नरात 15,000 च्या घरात. त्यातल्या एकेका स्कोलोपिडियममधले (संवेदी पेशींच्या छोट्या एककातले) अ‍ॅक्टिन या प्रथिनाचे दांडे फॅलॉइडिनने दिसतात, जी मुळात अँटीबॉडी नाहीच, अ‍ॅक्टिनला चिकटणारं एक विष आहे, पण सोबत वापरली जाते म्हणून इथे उल्लेख. इतर कीटकांसाठी खास बनवलेल्या अँटीबॉडी कमी, त्यामुळे बऱ्याचदा फळमाशीच्याच लावून बघतात, लागली तर लागली.