ग्रूमिंग, वृद्ध कुत्र्यांचे

उतारवयातील कुत्र्याचे केस, त्वचा, नखे, कान, डोळे व दात यांची नियमित निगा. साधने तरुण कुत्र्याचीच असतात. बदलते ती हाताळणी. सांधे आखडलेले, नजर व कान मंदावलेले आणि कातडी नाजूक झालेली असल्याने काम थोडे थोडे, विसावा देत आणि शक्यतो कुत्र्याला न उचलता करतात. केसांच्या झळाळीपेक्षा अंगावर नवे काय उद्भवले आहे हे हाताला कळणे, हा या वयातील ग्रूमिंगचा मुख्य उपयोग होय.

वार्धक्याची मर्यादा : थोराड जाती सातव्या-आठव्या वर्षीच वृद्ध दिसू लागतात, तर लहान जाती दहाव्या वर्षापर्यंत टवटवीत राहतात, त्यामुळे सर्व जातींना एकच आकडा लागू पडत नाही. ‘कुत्र्याचे एक वर्ष म्हणजे माणसाची सात’ या सर्वतोमुखी हिशेबाचा उगम वादग्रस्त आहे. माणसाचे आयुष्य ७० व कुत्र्याचे १० वर्षे धरून विसाव्या शतकात केलेला हा ढोबळ भागाकार असावा, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. अशा गुणोत्तरांची हौस मात्र जुनी आहे. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीमधील १२६८ च्या फरसबंदीवरील लेखात कुंपणाचे आयुष्य ३ वर्षे धरून कुत्रा, घोडा, माणूस अशी तिपटीची चढण दिली आहे. त्या चढणीनुसार कुत्र्याला ९ आणि माणसाला ८१ वर्षे मिळतात. म्हणजे तेथे प्रमाण सातास नव्हे तर नवास एक आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात १०४ लॅब्राडॉर कुत्र्यांच्या डीएनएवरील मेथिल खुणा (वयाबरोबर बदलणाऱ्या रासायनिक खुणा) तपासून नवे सूत्र मांडले गेले : वर्षांतील वयाच्या नैसर्गिक लॉगरिदमला १६ ने गुणून त्यात ३१ मिळवावेत. त्याप्रमाणे ७ वर्षांचा कुत्रा सुमारे ६२ वर्षांच्या, तर १२ वर्षांचा सुमारे ७१ वर्षांच्या माणसाशी जुळतो. सूत्र एकाच जातीवर बेतलेले असल्याने ते सरसकट वापरणे धाडसाचे ठरेल. अमेरिकन ॲनिमल हॉस्पिटल असोसिएशनच्या २०१९ च्या मार्गदर्शिकेत अपेक्षित आयुर्मानाचा शेवटचा चतुर्थांश वार्धक्याचा धरला आहे. निगेच्या दृष्टीने हीच व्याख्या सोयीची आहे.

इतिहास : जुन्या वाङ्मयात कामाच्या कुत्र्यांची निगा आढळते, म्हाताऱ्यांची क्वचितच. होमरच्या ‘ओडिसी’ या ग्रीक महाकाव्यात धन्याची वीस वर्षे वाट पाहणारा आर्गॉस हा कुत्रा गोचिडांनी भरलेला, शेणाच्या ढिगावर पडून असतो, घरात धनी नसल्याची ती खूणच आहे. इ. स. दुसऱ्या शतकातील ग्रीक लेखक ॲरियन याने शिकारी कुत्र्याचे सर्वांग चोळण्याची शिफारस केली आहे. त्याने अवयव बळकट होतात, केस मऊ व चकचकीत राहतात आणि कातडीवरील मळ निघतो, असे तो सांगतो आणि त्यासाठी उदाहरण घोड्याचे देतो. ही तुलना अगदीच आगंतुक नाही. इंग्रजीतील ‘ग्रूम’ म्हणजे प्रथम मुलगा वा नोकर, पुढे मोतद्दार. त्यापासूनचे क्रियापद एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी घोड्यांच्या खराऱ्यासाठी रूढ झाले असावे आणि नंतर ते कुत्र्यांकडे आले.

त्वचा व केस : माणसाचा शाम्पू कुत्र्याला वापरू नये, यामागे त्वचेच्या सामूचे (पीएच, म्हणजे आम्लता-अल्कताचे माप) कारण देण्याची प्रथा आहे. परंतु कुत्र्याच्या त्वचेच्या सामूची मोजमापे जात, शरीराचा भाग आणि मोजण्याची पद्धत यांनुसार इतकी बदलतात की केवळ त्या आधारावर नियम करणे कठीण आहे. कुत्र्याची बाह्यत्वचा केसाळ भागात जिवंत पेशींच्या अवघ्या ३ ते ५ थरांची असते, माणसाची याहून बरीच जाड. तीव्र साबणासारख्या फेसकाने तिच्यावरील तेलकट आवरण धुऊन निघते, हे कारण अधिक पटणारे आहे. वृद्धापकाळी त्वचा आधीच कोरडी पडत असल्याने आंघोळी कमी करून विंचरणे वाढवतात. पाणी कोमट, पायाखाली न घसरणारी चटई, आणि टॉवेलने घासण्याऐवजी टिपून घेणे एवढी पथ्ये पुरतात. ड्रायरची हवा गरम ठेवू नये.

केसांतला गुंता आधी बोटांनी मोकळा करून मग फणी लावतात. कानांमागे, काखेत व जांघेत जटा होतात, कारण सांधे दुखत असल्याने कुत्र्याला तेथपर्यंत तोंड नेऊन स्वतःला चाटता येत नाही. घट्ट जटा ओढू नये व कात्रीनेही कापू नये. सैल कातडी जटेसोबत वर उचलली जाऊन कापली जाते. तेथे क्लिपर (केस कापण्याचे यंत्र) हेच योग्य.

पाठीकडचे केस विरळ होणे हे वयाचेच लक्षण मानून सोडून देण्याची चूक सर्रास होते. दोन्ही बाजूंना सारखे केस झडत असतील तर थायरॉइडची मंदगती किंवा कुशिंगचा रोग (शरीरात कॉर्टिसॉल या संप्रेरकाचा अतिरेक) यांची शंका घ्यावी. त्याचप्रमाणे हाताला लागणारी मऊ गाठ बहुधा निरुपद्रवी मेदार्बुद, म्हणजे चरबीची गाठ, असते. पण मास्ट पेशींची (ॲलर्जीत भाग घेणाऱ्या पेशींची) कर्करोगी गाठही तशीच लागू शकते, त्यामुळे सुईने पेशी काढून तपासल्याखेरीज निदान होत नाही.

नखे : चालणे कमी झाल्याने नखे झिजत नाहीत. लांब नख जमिनीला टेकून बोट वर ढकलते, पंज्याचा कोन बिघडतो आणि दुखऱ्या सांध्यांवरचा ताण वाढतो. नखाच्या आत रक्तवाहिन्या व मज्जातंतू असलेला जिवंत गाभा असतो. नखाबरोबर तोही पुढे वाढतो, म्हणून अनेक महिने राहिलेले नख एकाच वेळी आखूड करता येत नाही. आठवड्या-दोन आठवड्यांनी टोकाची पातळ चकती काढत गेल्यास गाभा हळूहळू मागे हटतो. पांढऱ्या नखात तो गुलाबी दिसतो. काळ्या नखात कापलेल्या जागी मध्यभागी गडद ठिपका दिसू लागला की थांबतात. रक्त आल्यास स्टिप्टिक (रक्त थांबवणारी) पावडर किंवा कॉर्नफ्लोअर दाबून धरतात. पंज्याच्या आतल्या बाजूचे वरचे नख जमिनीला लागतच नाही. ते गोल वळून मांसात रुतते आणि लांब केसांत महिनोन्‌महिने दडून राहते.

पाय बाजूला ओढणे ही नेहमीची चूक. सांधा ज्या दिशेने सहज दुमडतो त्याच दिशेने, अंगाखालीच ठेवून, पाय जमिनीपासून जेमतेम उचलावा. तीन पायांवर तोल राहत नसेल तर कुत्र्याला कुशीवर निजवून नखे कापावीत. एका बैठकीत एकच पंजा झाला तरी चालतो.

डोळे, कान, दात : डोळ्यांतील निळसर धूसरपणा बहुतेक वेळा भिंग घट्ट झाल्याचा परिणाम असतो व दृष्टी त्याने फारशी जात नाही, मोतीबिंदू त्याहून निराळा. बहिऱ्या वा अंध कुत्र्याला मागून अचानक हात लावू नये. खांद्यावर हात ठेवून तो तसाच अंगावरून नेत राहावे. दातांसाठी माणसांची पेस्ट वर्ज्य, कारण काहींतील झायलिटॉल हा गोडी आणणारा पदार्थ कुत्र्यांना विषारी आहे.

अंथरुणास खिळलेले कुत्रे : लघवीने भिजून त्वचा सोलवटते, म्हणून शेपटीखालचे व जांघेतले केस आखूड ठेवतात. पुढच्या पायांच्या कोपरांवर व कमरेच्या हाडांवर घट्टे आणि पुढे जखमा होतात. जाड बिछाना व दर काही तासांनी कूस बदलणे हा उपाय. ओल्या, मळलेल्या केसांत माश्या अंडी घालतात. अळ्या दिसल्यास तो ग्रूमिंगचा नव्हे, पशुवैद्याचा विषय होतो.