बहुप्रदाता डीएनएस

एकाच डोमेनचे डीएनएस (नावावरून संकेतस्थळाचा पत्ता शोधून देणारी यंत्रणा) दोन किंवा अधिक स्वतंत्र कंपन्यांच्या नेमसर्व्हरवर, म्हणजे हा पत्ता सांगणाऱ्या सर्व्हरवर, ठेवण्याची पद्धत. संकेतस्थळ ठणठणीत सुरू असले, तरी त्याचा पत्ता सांगणारेच गप्प झाले तर लोकांच्या लेखी ते बंदच. नेमसर्व्हर भौगोलिकदृष्ट्या आणि नेटवर्कच्या दृष्टीने विखुरलेले असावेत, असे १९९७ च्या आरएफसी २१८२ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजातच सांगितले आहे. तरी अनेकांनी एकाच कंपनीच्या दोन-चार नेमसर्व्हरवर समाधान मानले. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी डाइन या अमेरिकेतील डीएनएस कंपनीवर मिराई बॉटनेटने (ताब्यात घेतलेल्या उपकरणांच्या जाळ्याने) हल्ला केला, तेव्हा ट्विटर, गिटहब, स्पॉटिफाय ही संकेतस्थळे कित्येकांना उघडेनात.

मुख्य आणि राखीव हा भेद बाहेर कुणाला दिसत नाही. रिझॉल्व्हर, म्हणजे आपल्या वतीने पत्ता शोधणारा सर्व्हर, डोमेनच्या नेमसर्व्हरांच्या यादीतल्या कुणालाही विचारतो. तिथून उत्तर आले नाही तर दुसऱ्याकडे वळतो. त्यामुळे दुसरी कंपनी पहिल्या दिवसापासून कामाला लागलेली असते, आणि तिच्याकडची चूकही लोकांपर्यंत पोचते.

समजा, बडोद्यात दांडिया बाजारातल्या एखाद्या मराठी मंडळाने गणेशोत्सवाच्या तोंडावर संकेतस्थळ नव्या सर्व्हरवर हलवले. ए रेकॉर्ड, म्हणजे सर्व्हरच्या आयपी पत्त्याची नोंद, एका कंपनीकडे बदलला, दुसरीकडे राहून गेला. आता रावपुऱ्यातल्या काकूंना यंदाची कार्यक्रमपत्रिका दिसते, मांडवीतल्या त्यांच्या बहिणीला गेल्या वर्षीची. एरर कुठेच येत नाही, म्हणून हा घोळ लवकर सापडतही नाही. प्रत्येक नेमसर्व्हरला 'डिग' या डीएनएस तपासायच्या कमांडने वेगवेगळे विचारून उत्तरे ताडून पाहणे, हाच खात्रीचा मार्ग.

तफावत टाळण्यासाठी एकीकडे प्रायमरी (मूळ प्रत) ठेवून दुसरीकडे झोनची, म्हणजे डोमेनच्या सगळ्या नोंदींची, प्रत झोन ट्रान्सफरने पाठवतात. सेकंडरी, म्हणजे प्रत घेणारी बाजू, एसओए या झोनच्या मुख्य नोंदीमधला सिरीयल (आवृत्तीचा क्रमांक) पाहते; तो वाढलेला नसेल तर नवी प्रत घेतच नाही. हाताने झोन फाइल लिहिणाऱ्यांकडून हा आकडा वाढवायचा हमखास राहतो. दुसरी रीत म्हणजे एका फाइलवरून ऑक्टोडीएनएससारख्या साधनाने दोन्हीकडे एकदम बदल करणे. एखाद्या कंपनीचे खास एलियास रेकॉर्ड (एका नावावरून दुसऱ्या नावाकडे नेणाऱ्या नोंदी) मात्र ट्रान्सफरमधून जातीलच असे नाही.

डीएनएससेक (डीएनएसच्या उत्तरांवर डिजिटल सही करण्याची सोय) असेल तर काम नाजूक होते. दोन्ही कंपन्या आपापल्या किल्लीने सही करत असतील, तर दोघींच्याही सार्वजनिक किल्ल्या दोन्हीकडे असाव्या लागतात. ही रचना २०२० च्या आरएफसी ८९०१ मध्ये आहे.

एखादी कंपनी सोडताना आधी तिचे नेमसर्व्हर रजिस्ट्रारकडच्या (डोमेन नोंदवणाऱ्या कंपनीकडच्या) आणि झोनमधल्याही एनएस, म्हणजे नेमसर्व्हरांच्या, यादीतून काढावेत. जुन्या नोंदींचा टीटीएल, म्हणजे रिझॉल्व्हर त्या लक्षात ठेवतात ती मुदत, उलटू द्यावा. डॉट कॉमच्या बाबतीत तो दोन दिवसांचा असतो. तोवर तिथला झोन पुसू नये.