गूळ, लाल गोळी आणि आतड्यातलं दार

"लोहाच्या गोळ्या खाल्ल्या की पोरगं काळं होतंय." हे वाक्य अजून ऐकू येतं. कोल्हापूर शहरात पण येतं आणि कागल, राधानगरीकडं गेलात तर तिथं पण येतं. शिकलेल्या घरांतनं येतं, हे जास्त वाईट आहे. आशाताई घरी येऊन लाल गोळ्यांची पाकिटं देऊन जातात, ती देवघरातल्या फळीवर नाहीतर फ्रिजवर पडून राहतात, आणि त्याऐवजी गरोदर सूनबाईला गुळाचा खडा, बीटचा ज्यूस आणि केशराचं दूध चालू होतं. सगळं प्रेमापोटीच चालतं, त्याबद्दल शंका नाही, पण रक्त काही वाढत नाही.

आधी काळ्या रंगाचं बघू. गोळी सुरू केली की संडासला काळं होतं हे खरं आहे. पोटात शोषलं न गेलेलं लोह बाहेर पडताना काळपट दिसतं, एवढंच ते. बाळाच्या कातडीचा रंग मेलॅनिन नावाच्या रंगद्रव्यावर ठरतो आणि ते किती बनवायचं हे आईबापांकडून आलेल्या जनुकांत असतं, त्यात गोळीतल्या लोहाला कामच नाही. केशरानं बाळ गोरं होतं हेही त्याच कारणानं खोटं. केशर महाग आहे म्हणून औषधी होत नाही.

आता गूळ. आपल्या कोल्हापुरी गुळाला 2014 मध्ये जीआय (भौगोलिक ओळखीचं) मानांकन मिळालंय, शाहू मार्केट यार्डात सौदे निघतात, गुऱ्हाळावरच्या गरम काकवीची चव मला दुसऱ्या कशात सापडलेली नाही. तरीपण सांगतो, गुळातलं लोह 100 ग्रॅमला काही मिलिग्रॅम असतं, आणि कुठल्याही गरोदर बाईनं दिवसाला 100 ग्रॅम गूळ खाऊ नये, कारण तेवढा गूळ म्हणजे मुख्यतः साखरच, आणि गरोदरपणातला डायबेटीस आता घरोघरी दिसायला लागलाय. बीटमध्ये तर 100 ग्रॅमला 1 मिलिग्रॅमच्या आसपास लोह. बीट लाल दिसतं ते बीटालेन नावाच्या रंगामुळं, त्याचा रक्ताशी काही संबंध नाही. "सात दिवसांत हिमोग्लोबिन 8 चं 12" असल्या रील्स कुणी पाठवल्या तर सरळ डिलीट करा, कारण हिमोग्लोबिन तेवढं चढायला आठवडे लागतात.

आता गरज किती ते बघा. पूर्ण गरोदरपणात साधारण 1000 मिलिग्रॅम जादा लोह लागतं. त्यातलं 300 च्या आसपास बाळ आणि वार (प्लॅसेंटा) घेते, 450-500 आईच्या स्वतःच्या वाढलेल्या रक्तात जातं, बाकीचं रोजच्या झिजेत. पहिल्या तीन महिन्यांत दिवसाला 1 मिलिग्रॅम शोषलं गेलं तरी भागतं, शेवटच्या तीन महिन्यांत तेच 6-7 लागतं. हे आकडे खाल्लेल्या लोहाचे नाहीत हां, आतड्यातनं रक्तात पोचलेल्या लोहाचे आहेत. आणि सगळी गोम इथंच आहे.

आपल्या शरीराला जादाचं लोह बाहेर टाकायची सोयच नाही. मीठ जास्त झालं तर किडनी काढते, पाणी जास्त झालं तर किडनी काढते, लोहासाठी असं काही नाही, आणि मोकळं सुटलेलं लोह पेशींना जाळतं. त्यामुळं शरीरानं सगळा बंदोबस्त आत येतानाच केलाय. लहान आतड्याच्या सुरुवातीच्या पेशी अन्नातलं लोह उचलतात, पण त्या पेशीतनं रक्तात जायला एकच दार आहे, फेरोपोर्टिन नावाचं प्रोटीन. आणि त्या दारावरचा वॉचमन बसलाय यकृतात, त्याचं नाव हेप्सिडिन. फक्त 25 अमिनो आम्लांचा छोटासा हार्मोन, 2000-2001 च्या सुमारास सापडला, म्हणजे आपण शाळेत पाठ केलेल्या हार्मोन्सच्या यादीत हा नव्हताच. रक्तात लोह पुरेसं झालं की यकृत हेप्सिडिन सोडतं, ते रक्तातनं आतड्यापर्यंत येतं, फेरोपोर्टिनला चिकटतं आणि पेशी ते दारच आत ओढून मोडून टाकते. मग पेशीतलं लोह फेरिटिन नावाच्या साठवणीच्या प्रोटीनमध्ये कोंडून पडतं, आणि आतड्याच्या पेशींचं आयुष्यच चार-पाच दिवसांचं, त्या झडल्या की त्यांच्याबरोबर ते लोह संडासवाटे बाहेर. म्हणजे तुम्ही गिळलेलं लोह तुमच्या शरीरात कधी आलंच नाही.

मला हे फार आवडतं, कारण यातनं कितीतरी गोष्टींचा उलगडा होतो. अंगात ताप, इन्फेक्शन असेल तर सूज येताना आयएल-6 नावाचं प्रोटीन वाढतं, ते यकृताला हेप्सिडिन सोडायला लावतं आणि दार बंद. का, तर जंतूंनाही लोह लागतं, त्यांना ते मिळू द्यायचं नाही. म्हणून वारंवार लघवीचं इन्फेक्शन होणाऱ्या बाईचं नुसत्या गोळ्या खाऊन भागत नाही, आधी इन्फेक्शन बघावं लागतं. उलट बाजूनं, शरीरातला लोहाचा साठा संपत आला की हेप्सिडिन खाली जातं आणि दारं वाढतात. हाडांच्या मगजात नव्या तांबड्या पेशींची घाई चालली असेल तर तिथनं एरिथ्रोफेरोन नावाचा निरोप यकृताला जातो आणि हेप्सिडिन दाबलं जातं. आणि गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यापासनं पुढं हेप्सिडिन आपोआप एवढं उतरतं की शेवटी शेवटी ते अगदी नावालाच उरतं. शरीर स्वतःहून दार सताड उघडतं, आणि नेमकं त्याच वेळी आपण गोळीचं पाकीट फळीवर ठेवून देतो.

तिकडं वारेची बाजू पण बघा. वारेच्या आईकडच्या पृष्ठभागावर ट्रान्सफेरिन रिसेप्टर असतात, आईच्या रक्तातनं लोह घेऊन येणारं ट्रान्सफेरिन ते पकडून आत घेतात, आणि बाळाकडच्या बाजूला परत तेच फेरोपोर्टिन. आईचं लोह कमी पडलं की वार हे रिसेप्टर वाढवते, म्हणजे बाळ आपला वाटा जमेल तेवढा ओढूनच घेतं. म्हणून बाळाचं हिमोग्लोबिन बऱ्यापैकी निघतं आणि आई मात्र रिकामी होते. पण याला पण मर्यादा आहे. आईची कमतरता जास्त असेल तर बाळाचा साठा कमी राहतो, आणि मेंदूतल्या नसांवरच्या मायलिनच्या आवरणाला, आठवणी सांभाळणाऱ्या हिप्पोकॅम्पस या भागाच्या वाढीला लोह लागतं. शिवाय दिवस भरायच्या आधी बाळंतपण, कमी वजनाचं बाळ, आणि बाळंतपणात रक्त गेलं तर ते सोसायची आईची ताकद नसणं, हे सगळं जोडलेलं आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 52 टक्के गरोदर बायकांना ॲनिमिया (रक्त कमी असणं) निघाला. निम्म्याहून जास्त!

एक गोष्ट मध्येच सांगून टाकतो, रिपोर्ट बघून घाबरू नका. गरोदरपणात रक्तातलं पाणी 40-50 टक्के वाढतं पण तांबड्या पेशी तेवढ्या वाढत नाहीत, त्यामुळं हिमोग्लोबिनचा आकडा थोडा खाली येणारच. म्हणून गरोदर नसताना 12 ही हद्द असते तिथं गरोदरपणात 11 धरतात. 11 च्या खाली गेलं तर मात्र डॉक्टरांना दाखवायचं, "होतं असं या दिवसांत" म्हणून सोडायचं नाही.

मग करायचं काय. सरकारी लाल गोळीत 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड (बी गटातलं व्हिटॅमिन) असतं, चौथ्या महिन्यापासनं रोज एक, 180 दिवस, आणि बाळंतपणानंतर परत 180 दिवस. आता कोल्हापुरातली अडचण अशी की इथं काहीही द्यायचं म्हटलं की दुधाबरोबर. गोळी पण पेलाभर दुधाबरोबर! दुधातलं कॅल्शियम लोहाला अडवतं. म्हणून कॅल्शियमची गोळी आणि लोहाची गोळी पण एकत्र घ्यायची नसते, दोन्हीत दोन तासांचं तरी अंतर ठेवा. आणि दूध कट्ट्यावर समोर पिळलेलं धारोष्ण दूध कितीही ताकदीचं वाटलं तरी गरोदर बाईला कच्चं देऊ नका, त्यातनं ब्रुसेला, लिस्टेरिया असले जंतू जातात आणि गर्भपात होऊ शकतो. उकळून द्या, वेगळ्या वेळी द्या.

चहाचं तसंच. मिसळीत मोड आलेली मटकी असते, मोड आणल्यानं त्यातलं लोहाला अडवणारं फायटेट थोडं कमी होतं, वरनं लिंबू पिळलं की व्हिटॅमिन सी मुळं लोह विरघळलेलं राहतं, म्हणजे तिखट झेपत असेल तर पदार्थ चांगलाच. पण त्याच्यावर लगेच चहा घेतला की त्यातल्या टॅनिनमुळं शोषण निम्म्याहून खाली येतं. चहा बंद करा असं म्हणत नाही, तासाभरानं घ्या. मटणातलं लोह हीमच्या (रक्ताला लाल रंग देणाऱ्या द्रव्याच्या) रूपात असतं, ते वेगळ्या वाटेनं पेशीत शिरतं, त्याला चहा-फायटेट फारसं अडवत नाहीत, आणि ताटातल्या भाजी-भाकरीतलं लोह पण मटणाबरोबर जास्त शोषलं जातं. फक्त नुसत्या तांबड्या रस्स्यात ते फार नसतं, फोडी खायला लागतात, तेव्हा गरोदर पोरीच्या ताटात फोडी किती पडतात तेवढं बघा. कलेजी मात्र नको, तिच्यात व्हिटॅमिन ए इतकं असतं की सुरुवातीच्या महिन्यांत बाळाला धोका होऊ शकतो.

गोळ्या एक दिवसाआड घ्याव्यात असं पण काहीजण सांगतात. त्याचं मूळ हेप्सिडिनमध्येच आहे, 60 मिलिग्रॅमचा डोस घेतला की हेप्सिडिन वाढतं आणि दुसऱ्या दिवसाचा डोस कमी शोषला जातो, आणि 2017 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांना एक दिवसाआड घेतलेल्या गोळ्यांतनं एकूण लोह जास्त शोषलेलं दिसलं. पण त्या बायका गरोदर नव्हत्या, आणि गरोदरपणात हेप्सिडिन मुळातच उतरलेलं असतं हे वर आलंच. गोळीनं फार मळमळत असेल तर डॉक्टरांशी बोलून ठरवा, आपल्या मनानं नको. आणि महिना-दीड महिना नीट गोळ्या घेऊन पण आकडा हलत नसेल तर थॅलेसेमिया मायनर (आईबापांकडून येणारा रक्ताचा दोष) आहे का, बी12 कमी आहे का, जंत आहेत का हे तपासायला हवं. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची मोफत तपासणी असते, तिथं विचारता येतं.

फॉलिक ॲसिडबद्दल एवढंच की बाळाच्या पाठीच्या कण्याची नळी गर्भ राहिल्यापासनं 28 दिवसांत मिटते, म्हणजे बऱ्याच जणींना दिवस गेलेत हे कळायच्या आत. त्यामुळं फॉलिक ॲसिडची गोळी मूल हवं असं ठरवतानाच सुरू करायची असते.

आणि बाळंतपणाच्या आधी डॉक्टरांशी एक गोष्ट बोलून ठेवा. बाळ ठीक असेल तर नाळ लगेच बांधायची नाही, 1 ते 3 मिनिटं थांबायचं, जागतिक आरोग्य संघटनेची तशी शिफारस आहे. तेवढ्या वेळात वारेतलं रक्त बाळाकडं जातं आणि त्यातनं काही महिन्यांना पुरेल एवढं लोह मिळतं. आईच्या दुधात लोह अगदी थोडं असतं, त्यामुळं पहिले सहा महिने बाळ मुख्यतः पोटातनं आणलेल्या साठ्यावरच काढतं. बाळंतपणाच्या खोलीत ऐनवेळी हे कुणाला आठवत नाही, म्हणून आठव्या महिन्यातच विचारा.