पुलीचं ब्रॅकेट आणि अँबेसेडरची ती स्लॉटवाली पट्टी

नागपुरात जुन्या गाडीत एसी बसवायचा विषय निघाला की सगळी चर्चा गॅस, कंडेन्सर, कूलिंग यावरच जाते, आणि कॉम्प्रेसर (इंजिनच्या बेल्टवर फिरणारा गॅसचा पंप) नि आयडलर पुली (बेल्टला फक्त वाट आणि ताण देणारी पुली) ज्या ब्रॅकेटवर उभी राहणार त्याचं काय, तर "बनवून घेऊ ना वेल्डिंगवाल्याकडून". मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, २०१३ ला तर ४७.९ झाला होता, त्यामुळे एसी इथं चैन नाहीच, काम सारखं निघतं, आणि घाईत बनवलेलं ब्रॅकेट वेल्डिंगपाशी तडकतं. हे काहून होते ते समजायला थोडं मागं जावं लागते.

पट्ट्यावरून ताकद न्यायची पद्धत मोटारीपेक्षा खूप जुनी. आपली एम्प्रेस मिल १८७७ ला सुरू झाली, त्या काळच्या गिरण्यांत एक मोठं वाफेचं इंजिन असायचं आणि त्याच्या जोरावर फिरणाऱ्या शाफ्टवरून पट्टे एकेका यंत्रावर यायचे. सपाट पट्टा नुसत्या ताणावर पकड धरतो म्हणून करकचून ओढावा लागतो, पण गिरणीत त्याची चिंता नव्हती, बेअरिंग भिंतीत नाहीतर बिडाच्या खांबावर पक्के. सुरुवातीच्या मोटारींत पंख्याला असाच सपाट पट्टा होता, फक्त आधाराला भिंत नाही, थरथरणारा इंजिन ब्लॉक.

१९१७ ला अमेरिकेत डेन्व्हरच्या जॉन गेट्स यांनी रबराचा व्ही-बेल्ट काढला. तो पुलीच्या खाचेत पाचरीसारखा रुततो, त्यामुळे कमी ताणात जास्त पकड मिळते आणि बेअरिंगवरचा भार उतरतो. मग इंजिनवर एकेक वस्तू चढत गेली. १९४० च्या मॉडेलच्या पॅकार्डमध्ये कारखान्यातून एसी मिळू लागला, पण कॉम्प्रेसरला क्लचच (लागेल तेव्हा पुलीपासून सोडवणारा भाग) नव्हता, थंडीत इंजिन बंद करून बेल्टच काढून ठेवायचा! १९५१ ला क्रायस्लरने पॉवर स्टिअरिंग आणलं, म्हणजे अजून एक पुली.

आपल्याकडे हे सगळ्यांनी पाहिलं ते अँबेसेडरमध्ये. १४८९ सीसीचं इंजिन, एकच व्ही-बेल्ट, क्रँक (इंजिनचा मुख्य शाफ्ट), पाण्याचा पंप-पंखा आणि बॅटरी चार्ज करणारा डायनॅमो असा त्रिकोण. डायनॅमोच्या एका बाजूला ती स्लॉटवाली (लांबट खाच असलेली) वाकडी पट्टी, बोल्ट ढिला करा, डायनॅमो बाहेर ओढा, अंगठ्याने बेल्ट दाबून पहा, बोल्ट आवळा, झालं. मिस्त्री लोकांच्या डोळ्यांत ही पट्टी इतकी बसली की पुढं कुठलीही पुली बसवायची म्हटलं की तशीच पट्टी कापली जाते. पण बोनेट उघडून नीट वाकून पहा, डायनॅमोला दुसऱ्या बाजूला पुढून एक आणि मागून एक असे दोन कान आहेत, दोन्ही ब्लॉकच्या आधाराला बांधलेले. पट्टी फक्त ताण धरते, वाकवणारा भार हे दोन कान घेतात. नक्कल झाली ती पट्टीची, कानांकडे कोणी पाहिलंच नाही, आणि माझ्या मते सगळा घोळ तिथूनच सुरू झाला.

१९७९ च्या फोर्ड मस्टँगमध्ये सगळ्या वस्तूंवरून फिरणारा एकच लांब रिबवाला (आतून लांबीभर बारीक धारा असलेला) बेल्ट आला आणि प्रकरण अजून नाजूक झालं. आज बेल्टवर ६पीके लिहिलेलं असतं म्हणजे सहा रिब, दोन रिबमधलं अंतर फक्त ३.५६ मिमी, आणि पुली १ अंशाने जरी तिरपी झाली तरी ३०० मिमीच्या अंतरात बेल्ट ५ मिमी बाजूला सरकायला बघतो, म्हणून मग चुंईचुंई आवाज, रिब सोलणं, बेल्ट उडणं. शिवाय बेल्ट पुलीला अर्धा वळसा घालत असेल आणि ताण समजा ४० किलो असेल तर ब्रॅकेटवर ८० किलो येतात, तेही थरथरत, कारण चार सिलिंडरचं इंजिन ३००० आरपीएमला सेकंदाला १०० धक्के देते.

म्हणून आता कोणी पुलीचं माउंट बनवत असेल तर त्या पट्टीपासून नाही, त्या दोन कानांपासून सुरुवात करा. पुली एका बोल्टवर बाहेर लोंबकळत ठेवण्यापेक्षा दोन प्लेटांच्या मध्ये बसवा, मध्ये लेथवर मापात काढलेले स्पेसर टाका. बाहेर ठेवावीच लागली तर ब्लॉकच्या जितकी जवळ येईल तितकी आणा. जाडीत कंजूसी नको, ६ मिमीची प्लेट १२ ची केली की वाकायला आठपट कडक होते, आणि तेवढं वजन नको असेल तर ६ च्याच प्लेटला गझेट (कोपऱ्यातला तिकोनी आधार) लावा, पण वेल्डिंग जास्त वाकणाऱ्या जागेवर संपू देऊ नका. आणि बोल्ट ब्लॉकच्या किंवा हेडच्या भक्कम भोकांतच, निदान तीन, एका रेषेत न येणारे, टायमिंग कव्हरच्या (इंजिनच्या पुढच्या झाकणाच्या) स्क्रूवर अजिबात नाही.