कापरेकर स्थिरांक आणि कापरेकर संख्या: ६१७४ नेमकी कोणत्या घरातली?

६१७४ ला सर्रास ‘कापरेकर संख्या’ म्हटलं जातं. तसं म्हणू नये, असं मला मनापासून वाटतं. ६१७४ हा कापरेकर स्थिरांक आहे. कापरेकर संख्या हे निराळंच प्रकरण. देवळालीच्या शाळेत १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षं शिकवणाऱ्या दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांनी दोन्ही शोधलं, म्हणून नावांची गल्लत होते.

स्थिरांकासाठी कोणतीही चार अंकी संख्या घ्या. चारही अंक सारखे नकोत, एवढीच अट. अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा, उत्तरावर पुन्हा तेच करा. कापरेकरांचं जन्मसाल १९०५ घेऊन बघू:

९५१० − ०१५९ = ९३५१
९५३१ − १३५९ = ८१७२
८७२१ − १२७८ = ७४४३
७४४३ − ३४४७ = ३९९६
९९६३ − ३६९९ = ६२६४
६६४२ − २४६६ = ४१७६
७६४१ − १४६७ = ६१७४

इथून पुढे ६१७४ च येत राहते. सातपेक्षा जास्त पायऱ्या कोणत्याच चार अंकी संख्येला लागत नाहीत. म्हणजे या सालाने सगळ्यात लांबचा रस्ता धरला! (मधे शून्य आलं तर ते गाळायचं नाही, चारही घरं भरलेली हवीत.) तीन अंकांचा मुक्काम ४९५. पाच अंकांना मुक्कामच नाही, त्या संख्या गोल गोल फिरत राहतात.

६१७४ ला पोचेपर्यंत सुरुवातीच्या संख्येचा मागमूस उरत नाही. कापरेकर संख्या मात्र फिरून स्वतःकडेच येते. तिचा वर्ग करा, उजवीकडून मूळ संख्येइतके अंक तोडा, दोन्ही तुकडे मिळवा. २९७ चा वर्ग ८८२०९; ८८ + २०९ = २९७. हीच कसोटी ६१७४ ला लावली तर वर्ग येतो ३८११८२७६, आणि ३८११ + ८२७६ = १२०८७. साफ नापास.

माझी लाडकी कापरेकर संख्या १४२८५७, म्हणजे एक भागिले सातच्या दशांशात पुन्हा पुन्हा येणारे ते सहा अंक. वर्ग २०४०८१२२४४९; २०४०८ + १२२४४९ = १४२८५७. हे जमतं कसं? वर्गात डावा तुकडा दहा लाखपट असतो, बेरजेत आपण तो एकपट धरतो. म्हणजे डाव्या तुकड्याची ९९९९९९ पट कमी झाली. ही घट वर्ग आणि मूळ संख्या यांच्यातल्या फरकाइतकी, म्हणजे १४२८५७ × १४२८५६ इतकी हवी. आता ९९९९९९ ही १४२८५७ ची बरोबर सातपट. राहिला प्रश्न १४२८५६ ला ७ ने भाग जातो का. जातो, आणि भागाकार येतो २०४०८. आपला डावा तुकडा!

दहा लाखांतून १४२८५७ वजा केली की उरते ८५७१४३, आणि तीही कापरेकर संख्याच. तिचा वर्ग ७३४६९४१२२४४९. शेवटचे सहा अंक बघा, तेच १२२४४९. ७३४६९४ + १२२४४९ = ८५७१४३.